ग्रहणाच्या आधीच घडलेला हात

२०२२ ची दिवाळी तुम्हाला आठवत असेल. लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला झालं आणि पाडवा थेट २६ ला आला, कारण मधल्या मंगळवारी खंडग्रास सूर्यग्रहण होतं. इथे नेदरलँड्समध्ये ते सकाळी अकराच्या पुढे लागलं आणि दुपारी एकच्या सुमारास सुटलं. मुंबई-पुण्यात लागलं तेव्हा इथल्या घड्याळात एक वाजून गेला होता. म्हणजे इथलं सुटल्यावर तिकडचं लागलं.

आम्स्टलफेनमध्ये राहणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीला तेव्हा सातवा महिना होता. कुठलं ग्रहण पाळायचं, असं तिनं सासूबाईंना फोनवर विचारलं. अर्धं गमतीत, अर्धं खरं. "दोन्ही पाळ गं, काय बिघडतंय?" असं उत्तर आलं. मग ती अकरापासून अडीचपर्यंत पडदे ओढून बसली. सुरी नाही, कात्री नाही, सुई नाही. गरोदर बाईनं ग्रहणात काही चिरलं तर बाळाचा ओठ फाटतो, बोट तुटतं, हे आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकलेलं असतं.

पण ऑगस्टमध्येच, विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत, तिला कळलं होतं की बाळाच्या डाव्या हाताची बोटं पूर्ण झालेली नाहीत. नवरा-बायकोनं भारतात कुणालाच सांगितलं नव्हतं. जे व्हायचं ते होऊन गेलं आहे हे माहीत असूनही तिनं त्या दिवशी सुरीला हात लावला नाही. जानेवारीत मुलगी झाली. डाव्या हाताचा अंगठा छान, बाकीच्या चार बोटांच्या जागी मण्यांएवढे चार उंचवटे. व्हिडिओ कॉलवर आधी अभिनंदन झालं, बाळ कुणासारखं दिसतं ते झालं, आणि मग तिकडून अगदी हळू आवाजात प्रश्न आला: "ग्रहण नीट पाळलं होतंस ना?"

तिच्या परवानगीनं हे लिहिते आहे. सासूबाईंना दुष्ट ठरवायचं नाही. त्या तशा नाहीतच, पुढे दिसेल. पण तो प्रश्न त्यांचा एकटीचा नव्हता. त्याला दोन हजार वर्षांचा तरी इतिहास आहे, आणि तो आपल्याच देशाचा आहे असंही नाही. ज्या देशात आपण सायकली चालवतो, कर भरतो, तिथल्या आज्याही शतकानुशतकं हाच प्रश्न विचारत आल्या आहेत.

आधी आपल्याकडचं पाहू. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भाची वाढ महिन्यामहिन्यानं सांगितली आहे. तिसऱ्या महिन्यात पाच गोळे उमटतात, दोन हातांचे, दोन पायांचे आणि एक डोक्याचा, असं तिथे म्हटलं आहे. काचेच्या भिंगाशिवाय, बहुधा गर्भपाताच्या वेळी जे दिसलं त्यावरून, कुणीतरी हे इतकं नेमकं टिपलं याचं मला फार अप्रूप वाटतं. आज वैद्यकीय महाविद्यालयात हातापायांचे अंकुर म्हणून जे शिकवतात तेच हे. चौथ्या महिन्यात अवयव स्पष्ट होतात आणि हृदय प्रकट होतं. आता बाईच्या अंगात दोन हृदयं, म्हणून ती दौहृदिनी. आपला 'डोहाळे' हा शब्द इथूनच घरंगळत आला आहे. पोटातलं हृदय आईच्या तोंडून मागतं, तेव्हा तिला हवं ते द्या. नाही दिलं तर? तर मूल कुबडं, लंगडं, जड बुद्धीचं, खुजं, डोळ्यांत दोष असलेलं होईल, आणि याच यादीत एक शब्द आहे 'कुणि'. हात वाकडा किंवा लुळा असलेला तो कुणि.

डोहाळजेवणाच्या फुलांच्या वाडीत बसलेल्या बाईला कुणी हे सांगत नाही. आपण ओटी भरतो, बर्फी की पेढा विचारतो. मुळात हा नियम बाईच्या बाजूचा होता, हेही मान्य करायला हवं: तिला उपाशी ठेवू नका, तिचं मन मोडू नका, असं सासरच्यांना बजावणारा. पण धमकीच्या रूपात दिलेला कुठलाही नियम उलटा फिरतो. मूल वेगळ्या हाताचं जन्मलं की हिशोब मागे मोजला जातो, आणि तो सासरच्यांकडे नाही, आईकडे मागितला जातो. काय खाल्लंस, काय पाहिलंस, कुठे गेली होतीस.

चरकाकडे आणखी एक उत्तर आहे. बीजाच्या ज्या भागातून जो अवयव घडतो, तो भाग बिघडलेला असेल तर तो अवयव बिघडतो, असं तो म्हणतो. त्याच्याजवळ कारणांची लांब यादी आहे: बीज, गर्भाशय, काळ, आईचा आहारविहार, पूर्वकर्म. त्यातलं बीज आईबाप दोघांचं. पण घरोघरी टिकला तो आईचा आहारविहार आणि कर्म. बीजाची गोष्ट ग्रंथात राहिली.

आता समुद्र ओलांडू. झीलंडमधलं झिरिक्झे तुम्ही पाहिलं असेल, उन्हाळ्यात शिंपले खायला जायचं ते गाव. तिथला वैद्य लेव्हिनस लेम्नियस यानं १५५९ मध्ये निसर्गातल्या गूढ चमत्कारांवर लॅटिनमध्ये एक ग्रंथ लिहिला. आईची कल्पनाशक्ती पोटातल्या गर्भावर खूण उमटवते, ही त्यातली एक ठाम कल्पना. ससा अंगावरून गेला तर ओठ सशासारखा फाटलेला, अशी समजूत तर युरोपभर होती. डच भाषेत फाटलेल्या ओठाला आजही 'ससाओठ' असाच शब्द आहे. फ्रान्सचा नामांकित शल्यचिकित्सक आंब्रुआझ पारे यानं १५७३ मध्ये विचित्र जन्मांवर पुस्तक काढलं आणि कारणं मोजली, तेरा. देवाचा महिमा, देवाचा कोप, बीज जास्त, बीज कमी, गर्भाशय अरुंद, आईचं पाय आवळून बसणं, आईची कल्पना, सैतान... पारेचे ग्रंथ दोर्द्रेख्तचा नगरवैद्य कारोलस बाटुस यानं १५९२ मध्ये डचमध्ये आणले आणि इथले न्हावी-शल्यवैद्य पिढ्यान्पिढ्या त्यावरच शिकले. चरकाची यादी आणि पारेची यादी शेजारी ठेवून पाहा. दोघांनी एकमेकांचं नावही ऐकलं नव्हतं, पण काही ओळी जवळपास त्याच आहेत. बीज, गर्भाशयाची जागा, आणि आई. दोघांकडेही कारणं बरीच, पण आई सगळ्यात हाताशी असलेली.

डचांकडे यासाठी एक शब्दच आहे. बाळंतिणीच्या घरी राहून बाळाला न्हाऊमाखू घालणारी, विस्तवाजवळ वेताच्या बैठकीत बसून त्याला पट्ट्यांत गुंडाळणारी बाई म्हणजे 'बाकर'. आपल्याकडची न्हाऊ घालणारी बाईच ती. तिच्या त्या बैठकीवरून 'बाकरमाट' हा शब्द आला, जो आज 'उगमस्थान' या भारदस्त अर्थानं वर्तमानपत्रात येतो. आणि तिच्या गप्पांवरून आला 'बाकरप्राट्ये', म्हणजे आजीबाईच्या भाकडकथा. पुढच्या वेळी ऑफिसातला सहकारी तुम्हाला म्हणाला की आमच्याकडे असल्या अंधश्रद्धा नव्हत्या, तर हा शब्द त्याच्यासमोर ठेवा.

झालं हे कारणांचं. पण कारण सांगून आईचं समाधान होत नाही. बाळ मांडीवर असतं आणि त्याचं काय करायचं हा प्रश्न रोजचा असतो. इथे मात्र दोन्हीकडचे ग्रंथ एकदम अबोल होतात. सुश्रुतानं कापलेलं नाक गालाच्या कातडीनं पुन्हा बसवायची रीत सांगितली, मोडलेल्या हाडाला झाडाच्या सालीच्या नि बांबूच्या फळ्या बांधायला शिकवलं. काश्यपसंहितेत वर्षभरानंतरही चालू न लागणाऱ्या मुलासाठी तीन चाकांची गाडी आहे, आजच्या पांगुळगाड्याची पणजी. पण जन्मतःच बोटं नसलेल्या हातासाठी खास असा विधी त्यांत मला भेटत नाही. आणि ते प्रामाणिक आहे. जे घडलंच नाही ते काढ्यानं उगवत नाही, हे जुन्या वैद्यांना आजच्या काही यूट्यूब वैद्यांपेक्षा चांगलं कळत होतं.

मग लोक काय करत? पहिली गोष्ट, नवस. उत्तर ब्राबंटमधल्या डेन बॉसच्या सिंट यान चर्चमध्ये मेरीची एक लाकडी मूर्ती आहे, तिला लोक 'गोड आई' म्हणतात. तिच्या चमत्कारांची एक जुनी नोंदवही आहे, १३८० च्या दशकापासून १६०३ पर्यंतची, त्यात जवळजवळ पाचशे नोंदी. लुळी-पांगळी मुलं घेऊन आलेले आईबाप त्यात आहेत. बरं वाटलं की ज्या अवयवाचा नवस, तो मेणाचा करून वाहायचा. हे वाचताना तुम्हाला बांद्रा आठवलं असेल. सप्टेंबरात मोत माउलीच्या जत्रेला टेकडीच्या वाटेवर मेणाचे हात, पाय, बाहुल्या विकायला असतात, आणि ते घेणाऱ्यांत कुंकू लावलेल्या बायकाही असतात. आपल्या देवळांतही चांदीचे डोळे, चांदीचे हात वाहिले जातातच. मेणाचा तो हात नेहमी पाच बोटांचा असतो. साचा एकच असतो ना.

दुसरी गोष्ट, तेल आणि हात. सुश्रुत नवजात बाळाला बलातेलानं अभ्यंग करायला सांगतो. आपली न्हाऊ घालणारी बाई खोबरेल किंवा तिळाचं घेते. ती नाक ओढते, डोकं गोल करते, हात छातीवर आडवे-उभे घेते. वाकडं असेल ते सरळ होईल, अशी तिची खात्री असते. डच बाकरही याच खात्रीनं बाळाला पट्ट्यांत आवळायची: मोकळं सोडलं तर हातपाय वाकडे वाढतील. पट्ट्यांचं ते खरं नव्हतं. तेलाचं काय? इथे मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण आपल्यातले शिकलेले लोक मालीश एकदम मोडीत काढतात आणि दुसरे तिला सर्व रोगांवरचं औषध करतात.

हाताच्या वेगळेपणाचे प्रकार बरेच आहेत. बोटंच नसतात किंवा अर्धी असतात, तिथे कितीही तेल चोळलं तरी हाड वाढत नाही. दोन बोटं जोडलेली असतील तर ओढाताणीनं सुटत नाहीत. पण करंगळी वाकलेली असते, मनगट अंगठ्याच्या बाजूला वळलेलं असतं कारण पुढच्या हाताचं एक हाड आखूड असतं किंवा नसतंच, अशा बाळांना आजही पहिले कित्येक महिने हेच सांगतात: रोज, अनेकदा, हळूहळू ताण द्या, आणि मधल्या वेळात हलकी फळी किंवा पट्टी बांधा. कातडी आणि स्नायू कोवळे असतात तोवर ते ऐकतात. न्हाऊ घालणाऱ्या बाईच्या हाताला हे माहीत होतं. कुठल्या हातावर चालेल आणि कुठल्या नाही, एवढंच तिला माहीत नव्हतं.

फळ्या बांधण्याच्या कामात इथला एक माणूस फार पुढे गेला, हेंड्रिक फान डेफेंटर, १६५१ ते १७२४. सोनाराचं काम शिकलेला, नंतर वैद्यकाकडे वळलेला, फ्रीसलंडमधल्या एका धार्मिक पंथाच्या वसाहतीत राहिलेला. बायको सुईण. १७०१ मधलं त्याचं सुइणींसाठीचं पुस्तक युरोपभर गेलं, पण त्याचं दुसरं काम वाकड्या हाडांच्या मुलांचं होतं. डेन्मार्कच्या राजानं आपल्या मुलांच्या मुडदुसासाठी त्याला बोलावून घेतलं होतं. हाडांच्या रोगांवरचं त्याचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १७३९ मध्ये छापलं गेलं. सोनाराच्या हातांनी मुलांच्या हातापायांना आधार घडवणं, हे मला कुठल्याही राजाच्या गोष्टीपेक्षा जास्त आवडतं. बिंदल्या घडवणारे हातच ते.

तिसरी गोष्ट, दोरा आणि सुरी. सहावं बोट बारीक देठावर लोंबत असेल तर चामखिळीसारखं घोड्याच्या केसानं किंवा दोऱ्यानं आवळून टाकायचं. हे जगात सगळीकडे होतं, आणि काही ठिकाणी दवाखान्यातही झालं; फक्त नंतर तिथे दुखरी गाठ राहते, म्हणून आता जिथे सोय आहे तिथे नीट शस्त्रक्रिया करतात. आपल्याकडे मात्र सहावं बोट पुष्कळदा ठेवलंच जायचं, भाग्याचं म्हणून. जोडलेली बोटं कापून वेगळी करण्याबद्दल पहिल्या शतकातल्या रोमन केल्ससनं लिहून ठेवलं आहे, आणि इसवी सन हजारच्या आसपास कोर्दोबाच्या अल-झहरावीनं. कापल्यानंतर कातडी पुन्हा चिकटू नये म्हणून मध्ये काय घालायचं याचीच जास्त चर्चा. मधल्या खाचेत कातडी कुठून आणायची, हा प्रश्न पुढे कितीतरी शतकं तसाच राहिला.

सतराव्या शतकातल्या आम्स्टरडॅमला मात्र बऱ्या करण्यापेक्षा गोळा करण्याची हौस जास्त होती. मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा प्रचंड ग्रंथ 'होर्टुस मलाबारिकुस' इथेच छापला गेला, १६७८ ते १६९३. त्याच्या पहिल्या खंडात कोचीनच्या तीन कोकणी वैद्यांचं, रंग भट, विनायक पंडित आणि अपु भट यांचं, प्रमाणपत्र आहे, कोकणीत आणि नागरी लिपीत. आपल्या किनाऱ्यावरच्या वैद्यांची अक्षरं या कालव्यांच्या शहरात कोरली गेली, हे कळल्यावर मी त्या दिवशी उगाचच दोन चकरा जास्त मारल्या. याच शहरात फ्रेडरिक राइश सुइणींना शिकवायचा आणि मेलेल्या बाळांचे अवयव काचेच्या बरण्यांत जपायचा. बाळाचा हात बरणीत ठेवताना तो मनगटाशी नाजूक लेसची झालर लावायचा, कापलेली कड दिसू नये म्हणून. १७१७ मध्ये रशियाच्या झार पीटरनं तो सगळा संग्रह तीस हजार गिल्डरना विकत घेतला. तो आज सेंट पीटर्सबर्गला आहे.

तेव्हा मला आमच्या मैत्रिणीच्या मुलीचं बारसं आठवलं. साताऱ्याहून आलेल्या सोन्याच्या बिंदल्या दोन होत्या. फोटोत उजव्या मनगटावरची दिसते. डाव्या हातावर सुंदर विणलेला मोजा आहे.

लेसची ती झालर काढायचं काम पुढच्या शतकात आम्स्टरडॅमच्याच बापलेकांनी केलं. गेरार्ड व्रोलिक (१७७५–१८५९) आणि विलेम व्रोलिक (१८०१–१८६३). त्यांच्या घरातल्या संग्रहात पाच हजारांहून जास्त नमुने होते. आता ते शहराच्या आग्नेयेला, आकाडेमिश मेडिश सेंट्रम या रुग्णालयाच्या इमारतीत 'म्युझियम व्रोलिक' म्हणून पाहायला मिळतात. जाल तर लहान मुलांना नेण्याआधी विचार करा. विलेमनं १८४० च्या दशकात शंभर चित्रपटांचा एक ग्रंथ काढला. त्यात निरोगी गर्भाची वाढ आणि बिघडलेली वाढ एकाच रांगेत मांडली होती. ससा नाही, कोप नाही, सैतान नाही. अवयव घडताना जिथे थांबला किंवा चुकला, ते ठिकाण. विचित्र जन्म हा त्याच्या लेखी घडण्याच्याच प्रक्रियेचा भाग होता. दीडशे वर्षांनी, १९९८ मध्ये, रुलोफ-यान ऊस्ट्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच बरण्या पुन्हा तपासल्या, क्ष-किरण काढले, आणि पुष्कळ बाळांना मृत्यूनंतर इतक्या वर्षांनी आजाराचं नाव मिळालं. त्यांच्या आयांना ते कधीच कळलं नाही.

या सगळ्यातून हाताचं वेळापत्रक पक्कं झालं. गर्भधारणेनंतर चौथ्या आठवड्यात खांद्याजवळ अंकुर येतो, आठवा आठवडा संपेपर्यंत पाचही बोटं सुटी झालेली असतात. पुष्कळदा आपण गरोदर आहोत हे बाईला जेमतेम कळलेलं असतं. डोहाळे तेव्हा कुठे सुरू होत असतात, डोहाळजेवण तर फारच पुढे. माझ्या मैत्रिणीच्या मुलीचा हात मे महिन्यात घडायला लागला आणि जूनच्या मध्याला पूर्ण झाला होता. ऑक्टोबरच्या ग्रहणाला करण्यासारखं काही शिल्लकच नव्हतं. डॉक्टरांनी तिला सांगितलं की तिच्या मुलीसारखा हात बहुतेक वेळा वंशातून येत नाही, पुढच्या मुलाला तो असण्याची शक्यता फार कमी.

वंशातून येणारे हातही असतात, आणि त्यांची एक मोठी गोष्ट याच देशातली आहे. नेदरलँड्सच्या नैऋत्येला, पाण्यानं वेढलेल्या भागात, काही घराण्यांत पिढ्यान्पिढ्या अंगठ्याला दोनऐवजी तीन पेरं असतात, काहींना एक अंगठा जास्तही. बेटांवरची गावं, आपापसात लग्नं, म्हणून ते टिकून राहिलं. रॉटरडॅमच्या डॉक्टरांनी ही घराणी अभ्यासली, १९९४ मध्ये दोष सातव्या गुणसूत्राच्या टोकाशी असल्याचं दिसलं, आणि २००३ मध्ये नेमकी जागा सापडली. ती जागा म्हणजे एक जनुकीय कळ आहे. हाताचा अंकुर कुठे अंगठा करेल आणि कुठे करंगळी हे ठरवणारं जनुक तिच्यापासून सुमारे दहा लाख अक्षरं लांब असतं. कळीतलं एक अक्षर बदललं की अंगठ्याच्या बाजूला ते चुकीच्या जागी चालू होतं. हेमिंग्वेच्या घरातल्या सहा बोटांच्या मांजरांतही हीच कळ बदललेली आहे.

इथे कुणाला तरी चरकाचं बीज आठवेल आणि व्हॉट्सॲपवर संदेश जाईल की आपल्याला हे सगळं आधीच माहीत होतं. माहीत नव्हतं. अवयवागणिक बीजाचा भाग असतो हा एक चांगला अंदाज होता. त्यावरून कुठल्या मुलाला काय होईल हे कुणी सांगू शकत नव्हतं, आणि ज्याला जे झालं त्यावरून आईला सोडवूही शकलं नाही. अंदाज चांगला होता एवढं म्हणावं, तेही पुष्कळ आहे.

आईवरचा ठपका विज्ञानानं एकदाचा पुसला असंही समजू नका. १९५७ मध्ये जर्मनीत झोपेचं आणि मळमळीचं एक औषध बाजारात आलं, थॅलिडोमाइड. नेदरलँड्समध्ये ते 'सोफ्टेनॉन' नावानं विकलं गेलं. नोव्हेंबर १९६१ मध्ये, हँबुर्गच्या विडुकिंड लेंझ यांनी आवाज उठवल्यावर, जर्मनीत ते मागे घेतलं गेलं. तोवर जगात हजारो मुलं आखूड हातांची किंवा हातांविना जन्मली होती. गोळी बाईनं घेतली होती ती गरोदरपणाच्या नेमक्या त्याच सुरुवातीच्या आठवड्यांत, कधीकधी एखादीच. पहिल्यांदाच 'काय खाल्लंस' या प्रश्नाला खरं उत्तर मिळालं होतं, आणि ते कंपनीचं होतं, तरी रात्री जागी राहिली ती आई. डचमध्ये 'सोफ्टेनॉन-मूल' हा शब्द अजून आहे. साठीच्या घरातला, आखूड हातांचा कुणी तुम्हाला सुपरमार्केटच्या रांगेत भेटला तर तो बहुधा त्या पिढीचा.

त्या मुलांनीच हाताच्या शस्त्रक्रियेला शिकवलं. हँबुर्गच्याच डीटर बुक-ग्रामको यांनी, अंगठा नसलेल्या मुलांच्या तर्जनीला फिरवून, आखूड करून तिचा अंगठा करायची पद्धत त्यांच्यावर काम करताना घोटून काढली आणि १९७१ मध्ये प्रसिद्ध केली. अंगठ्याशिवाय पकड नाही. तीन बोटं आणि अंगठा की चार बोटं, असा हिशोब. ते पहिलं निवडतात. आणि मुंबईत डॉ. बी. बी. जोशी यांनी बारीक तारा आणि साध्या सांध्यांची एक बाहेरून बसवायची स्वस्त चौकट तयार केली, जिला त्यांच्याच नावानं 'जेस' म्हणतात. वळलेल्या पायांसाठी ती जास्त गाजली, पण वळलेल्या मनगटांसाठीही वापरतात. तारा घालून चौकट बसवायची आणि रोज थोडा थोडा पेच फिरवून मऊ ऊतींना ताण द्यायचा. न्हाऊ घालणारी बाई जे दहा मिनिटं करते तेच चोवीस तास, मोजून.

सासूबाई मार्चमध्ये आल्या, तीन महिन्यांच्या व्हिसावर, सुटकेसमध्ये घाण्याचं तेल आणि डिंकाचे लाडू घेऊन. डच क्रामझोर्खची बाई जानेवारीतच आठ दिवस येऊन गेली होती. तिनं बाळाला न्हाऊ घातलं ते तेलाशिवाय, आणि डाव्या हाताचा मोजा पहिल्याच दिवशी काढून ठेवला होता. "तिला बोट तोंडात घालू दे," एवढंच म्हणाली होती. नंतर बारशाला तो पुन्हा आला होता. हाताच्या तपासणीला सासूबाई बरोबर गेल्या. तिथल्या थेरपिस्टनं सांगितलं की शस्त्रक्रियेची घाई नाही, कदाचित लागणारही नाही. हाताला रोज स्पर्श करा, वस्तू त्या हाताला भिडू द्या, तो मेंदूला आपला वाटला पाहिजे. मैत्रिणीनं मराठीत सांगितलं. सासूबाईंनी विचारलं, तेल चालेल का? चालेल. ओढायचं नाही, फक्त चोळायचं.

मग सकाळी दहाला त्या सतरंजी घालायच्या. उजवा हात चोळून झाला की डावा, त्याच्या चारही मण्यांवरून एकेक करून अंगठा फिरवत, मोजत. ग्रहणाबद्दल त्या पुन्हा काही बोलल्या नाहीत. मैत्रिणीनंही जूनचा हिशोब त्यांना कधी सांगितला नाही. मी म्हटलं सांगून टाक, तर म्हणाली, आता कशाला.

मुलगी आता तीन वर्षांची होऊन गेली आहे. मागच्या आठवड्यात पहिली सायकल आली, लाल. सासूबाईंनी व्हिडिओवर ती पाहिली आणि डावी मूठ जवळून दाखवायला सांगितली. ब्रेक कसा दाबणार गं ती? मैत्रिणीनं कॅमेरा खाली नेला. इथल्या लहान मुलांची सायकल पायडल उलटं मारलं की थांबते.

"बरं," तिकडून आवाज आला. "मग उतारावर जरा लक्ष ठेव."